फँटसी कॅम्पेन चालवणं आणि आपल्या टेबलासाठी बदलणं: गेम मास्टरला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती किंवा व्हिडिओ कॉलवर खेळल्या जाणाऱ्या फँटसी रोलप्लेइंग खेळांबद्दल आहेत. खेळाच्या एका बैठकीला सेशन म्हणतात, आणि अनेक सेशन चालणाऱ्या एका गोष्टीला कॅम्पेन. उदाहरणं बहुतेक डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतली आहेत, कारण नवा गेम मास्टर बहुधा तिथूनच सुरू करतो. दुसरी सिस्टिम, म्हणजे दुसरा नियमसंच, चालवत असाल तर आकडे बदलतील, पण त्यामागचा विचार तोच राहील.

गेम मास्टरचं काम नेमकं काय?

समोर काय दिसतंय ते सांगणं, खेळाडू "मी हे करते" म्हणाली की त्याचं पुढे काय होतं ते ठरवणं, आणि निकाल खरोखर अनिश्चित असेल तिथे फासे मागणं. नकाशे रंगवणं, आवाज बदलून बोलणं, पार्श्वसंगीत लावणं हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. त्यातलं काहीच येत नसलं तरी उत्तम खेळ होतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ह आर्नेसन ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक मुलखात आपल्या मित्रांना खेळवत होते. युद्धखेळांत पंच आधीपासून असायचा, पण त्याचं काम मुख्यतः दोन सैन्यांमध्ये निवाडा करण्याचं. इथे एकेका खेळाडूकडे एकेक माणूस आणि पंचाकडे बाकीचं सगळं जग, अशी वाटणी झाली. गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावाने १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स छापून आलं, तेही याच वाटणीवर उभं होतं. म्हणून आजही एक गोष्ट पक्की धरा: पात्राने काय करावं हे खेळाडू ठरवणार, तुम्ही नाही.

सुरुवात कोणत्या सिस्टिमपासून करू?

तुमच्या गटाला कोणत्या प्रकारचे निर्णय घ्यायला मजा येते, ते बघा. लढाईत जागा आणि अंतर, कोणता मंत्र आत्ता वापरायचा आणि कोणता राखून ठेवायचा, असले हिशेब आवडत असतील तर डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा पाथफाइंडर. पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दर पाळीला तीन कृती मिळतात, त्यामुळे पुढे सरकू, वार करू की ढाल उचलू हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो.

गोष्ट भराभर पुढे जावी असं वाटत असेल तर अपोकॅलिप्स वर्ल्डच्या (२०१०) घराण्यातले खेळ बघा. दोन सहाबाजू फासे टाकायचे. १० किंवा जास्त आले तर काम फत्ते, ७ ते ९ आले तर काम होतं पण काहीतरी किंमत मोजावी लागते, ६ किंवा कमी आले तर चाल गेम मास्टरची. काहीच बोनस नसेल तर निखळ यशाची शक्यता जेमतेम १७ टक्के. उरलेलं निम्मंनिम्मं 'किंमत मोजून' आणि 'चाल गेम मास्टरची' यांत वाटलं जातं. म्हणजे गोष्ट सतत कुठेतरी अडते आणि त्या अडण्यातूनच वाट काढते.

एका सिस्टिममध्ये जे नीट होत नाही ते तिच्यात कोंबत बसू नका. राजदरबारातल्या कारस्थानांची गोष्ट हवी म्हणून लढाईच्या खेळाला चाळीस पानांची पुरवणी लिहिण्यापेक्षा त्या कामासाठीच बनलेला खेळ उचलणं सोपं.

तयार साहस घेऊ की स्वतःचं जग रचू?

पहिली दोनतीन सेशन तयार साहसावर काढा आणि त्यातलं जे पटत नाही ते बिनधास्त बदला. स्वतःचं जग रचायचंच असेल तर एका गावापासून सुरू करा: गाव, त्याला सतावणारी एक अडचण, आणि एका दिवसाच्या चालीवर असलेली एक धोक्याची जागा. हजार वर्षांचा इतिहास आणि राजघराण्यांच्या वंशावळी लिहायला आनंद होतो, त्याबद्दल वाद नाही. पण टेबलावर उपयोगी पडतो तो इतिहास, जो आज कुणाच्या तरी वाटेत आडवा येतो.

सेशन झिरो खरंच लागतं का?

लागतं. पात्रं बनवण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून चार गोष्टी बोलून घ्यायच्या: खेळाचा सूर काय (गंभीर, भीतीदायक, हलकाफुलका), पात्रं एकमेकांना कशी ओळखतात, किती वेळा आणि किती वेळ खेळायचं, आणि कोणते विषय टेबलावर नकोत. शेवटच्या मुद्द्यासाठी दोन याद्या पुरतात. एकीत जे मुळीच यायला नको ते, दुसरीत जे घडलं तरी तपशिलात दाखवायचं नाही ते. यादी द्यायला कारण विचारू नका. तिसरं साधन जॉन स्टाव्हरोपोलोस यांचं एक्स-कार्ड: टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच बदलायचा, खुलासा मागायचा नाही.

पात्रांच्या ओळखीबद्दल एक आग्रह. "तुम्ही सगळे एका सराईमध्ये अनोळखी बसला आहात" ही सुरुवात टाळा. प्रत्येक खेळाडूला आपल्या उजवीकडच्या पात्राबद्दल एक वाक्य पुरं करायला सांगा: "त्याच्यावर माझं एक ऋण आहे, कारण..." पहिल्याच सेशनला गटाला एकत्र राहण्याचं कारण मिळतं.

तयारी किती आणि कशाची करायची?

प्रसंगांची रांग लावू नका, परिस्थिती मांडा. 'आधी हे होईल, मग ते होईल' असं लिहिलं की खेळाडूंचा प्रत्येक वेगळा विचार तुम्हाला अडथळा वाटायला लागतो, आणि नकळत तुम्ही त्यांना रुळावर ढकलू लागता.

उदाहरण घेऊ. काळखिंड नावाची खोल दरी, तिच्यावर एकच दगडी पूल. एका हरलेल्या युद्धातून पळालेले तीसेक शिपाई पूल अडवून बसले आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून धान्य घेतात. पलीकडच्या गावातलं धान्य संपत आलंय. पुलाखाली एक म्हातारा राक्षस राहतो. पूल बांधणाऱ्या पाथरवटाने शंभर वर्षांपूर्वी त्याच्याशी करार केला होता: शंभर वर्षं पुलाला हात लावायचा नाही. ती मुदत येत्या अमावस्येला संपते.

आता प्रत्येक बाजूसाठी तीन ओळी लिहा. तिला काय हवंय, ती कशाला घाबरते, आणि कुणी मध्ये पडलंच नाही तर ती काय करेल. शिपायांना घरी जायचंय, पण पकडलं गेलं तर फाशी होईल याची त्यांना भीती आहे. कुणी मध्ये पडलं नाही तर ते पाच दिवसांत गाव लुटतील. गावाला धान्य हवंय, शिपायांची भीती आहे, आणि तीन दिवसांत गावकरी रात्रीचा हल्ला करून बहुतेक मरतील. राक्षसाला आपली दरी शांत हवी आहे. तो एकाच गोष्टीला घाबरतो, ती म्हणजे शब्द मोडणं, आणि अमावस्येला तो पूल पाडेल.

झाली तयारी. यात 'खेळाडू काय करतील' ही ओळ कुठेच नाही. ते शिपायांना माफीचं पत्र मिळवून देतील, गावाला लढायला शिकवतील, राक्षसाशी नवा करार करतील, किंवा सगळं सोडून दरी उतरून पलीकडे चढतील. प्रत्येक वेळी तुम्हाला उत्तर देता येईल, कारण कोण काय मागतंय ते तुम्हाला ठाऊक आहे.

वेळेचा हिशेब ठेवायला ब्लेड्स इन द डार्क या खेळातली घड्याळं उचला. एक वर्तुळ काढा आणि त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करा. 'गाव हल्ला करतं' या घड्याळाचा एकेक भाग दिवस गेला, अफवा पसरली किंवा पात्रांची एखादी खेळी फसली की भरायचा. हे वर्तुळ खेळाडूंना दिसेल असं ठेवा. भरत चाललेलं घड्याळ डोळ्यांसमोर असलं की चर्चा आपोआप आटोपशीर होते.

खेळाडू भलतीकडेच गेले तर?

जाऊ द्या, आणि दहा मिनिटांची विश्रांती घ्या. तेवढ्यात नव्या जागेतल्या दोन माणसांना काय हवंय ते लिहून काढा. सेशन संपताना "पुढच्या वेळी कुठे जाणार?" हे विचारून ठेवलं तर ही वेळ फारशी येतच नाही.

रहस्य रचलं, पण खेळाडूंना धागाच सापडत नाही. काय चुकतं?

धागा एकच ठेवलेला असतो, आणि तोही फाशांवर टांगलेला. जी गोष्ट कळल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही तिच्यापर्यंत जाणारे किमान तीन धागे ठेवा, तेही वेगवेगळ्या प्रकारचे. काळखिंडीतला करार कळायला हवा असेल तर एक धागा पुलाच्या मधल्या दगडावर कोरलेला, एक गावातल्या आजीच्या तोंडी असलेल्या ओव्यांमध्ये, आणि एक म्हणजे रोज संध्याकाळी शिपाई दरीत मांस का टाकतात हा प्रश्न. एक धागा खेळाडूंच्या नजरेतून सुटेल, दुसऱ्याचा ते चुकीचा अर्थ लावतील, तिसरा त्यांना नेऊन पोचवेल.

आणि माहिती मिळवायला फासे लावूच नका. पात्राने योग्य जागी शोधलं तर ते सापडतं. फासे लावायचे तर शोधायला किती वेळ गेला किंवा कुणी पाहिलं का, यासाठी लावा.

फासे कधी टाकायला सांगायचे?

दोन प्रश्न स्वतःला विचारा. हे जमेल की नाही याबद्दल खरंच शंका आहे का? आणि फसलं तर काही वेगळं घडेल का? दोन्हींची उत्तरं 'हो' असतील तरच फासे. कुलूप उघडायला पाहिजे तितका वेळ आहे, कुणी येत नाहीये, तर चोराचं पात्र कुलूप उघडतं, विषय संपला. पहारेकरी वळणावर आलाय, आता टाका.

पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५ आणि अवघड कामाला २० हा आकडा गाठायचा असतो. वीसबाजू फाशाच्या आकड्यात कौशल्याचे +५ मिळवणाऱ्या पात्राला १५ गाठायची शक्यता ५५ टक्के. ॲडव्हान्टेज दिला, म्हणजे वीसबाजू फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेतला, तर ती जवळपास ८० टक्के होते. हे आकडे डोक्यात असले की अडचण किती द्यायची हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

पुनःपुन्हा टाकायला लावलं की शक्यता किती झपाट्याने घसरते, हे मात्र बऱ्याच गेम मास्टरांच्या लक्षात येत नाही. ८० टक्क्यांचं काम सलग तीनदा जमण्याची शक्यता ५१ टक्के. पाच जणांचा गट लपतछपत पूल ओलांडतोय, प्रत्येकाला ५५ टक्के संधी आहे आणि एक जरी फसला तरी सगळे पकडले जाणार, असं ठरवलंत तर पाचही जण सुटण्याची शक्यता फक्त ५ टक्के. तुम्ही तोंडाने 'प्रयत्न करून बघा' म्हणताय, पण गणित 'नाही' म्हणतंय. त्यासाठी नियमांतच उपाय आहे: सगळ्यांनी टाकायचं, निम्मे किंवा जास्त यशस्वी झाले तर गट यशस्वी. आणि एकदा लपण्याचा निकाल लागला की परिस्थिती बदलेपर्यंत तोच कायम.

फसणं म्हणजे 'काही झालं नाही' असं नको. शिपायाला गंडवताना फासा फसला तर तो खोटं ओळखतो आणि पैसे मागतो. किंवा त्याला ते इतकं पटतं की तो तुमच्यासोबतच निघतो.

हाऊस रूल कधी आणावा?

हाऊस रूल म्हणजे आपल्या टेबलापुरता बदललेला नियम. या प्रश्नावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण कॅम्पेन आपलीशी होते ती इथे, आणि बिघडतेही इथेच. कोणताही नियम बदलण्याआधी विचारा: हा नियम खेळाडूला कोणता निर्णय घ्यायला लावतो, आणि बदलल्यावर कोणता निर्णय घ्यायला लावेल?

चांगलं उदाहरण औषधाच्या कुपीचं. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत कुपी पिण्यात पाळीची मुख्य कृती खर्च व्हायची. म्हणून लढाईत कुपी कुणी काढायचंच नाही, ती झोळीत पडून राहायची. असंख्य टेबलांनी आपल्यापुरतं ठरवलं की कुपी पिणं ही बोनस कृती, म्हणजे मुख्य कृतीखेरीज मिळणारी छोटी कृती. लगेच खरा निर्णय तयार झाला: बोनस कृती कुपीवर घालवू की दुसऱ्या वारावर? पुढे २०२४ च्या सुधारित नियमांत हेच अधिकृत झालं.

फसलेलं उदाहरण फम्बलचं. 'वीसबाजू फाशावर १ पडला की तलवार हातून निसटते.' ऐकायला गमतीशीर वाटतं. आता गणित करा. एक वार करणाऱ्या नवशिक्याची तलवार पाळीला ५ टक्के वेळा निसटते. विसाव्या लेव्हलचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचा, योद्धा पाळीला चार वार करतो, त्याची १८ टक्क्यांहून जास्त वेळा. चार फेऱ्यांच्या लढाईत या महान योद्ध्याची तलवार किमान एकदा खाली पडण्याची शक्यता ५६ टक्के. दरम्यान शत्रूला बचाव करायला लावणारे मंत्र टाकणारा जादूगार स्वतः हल्ल्याचा फासा टाकतच नाही, त्याला काहीच धोका नाही. म्हणजे या नियमाने कौशल्याला शिक्षा केली, जादूगाराला मोकळं सोडलं, आणि नवा निर्णय एकही दिला नाही. 'एक पडला' या क्षणाला वजन हवंच असेल तर खेळाडूला विचारा: "चुकलेला वार तसाच सोडतेस, की वार लागू दे पण तुझी ढाल तुटू दे?" आता निवड आली.

तिसरं उदाहरण विश्रांतीचं. गट एक मोठी लढाई करतो, सगळे मंत्र खर्चतो, झोपतो, पुन्हा ताजातवाना. २०१४ च्या गेम मास्टरच्या पुस्तकातली सूचना दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण झटापटींची होती, आणि बहुतेक टेबलांवर एकदोनच होतात. म्हणून सगळे मंत्र एकदम उधळणारी पात्रं भारी पडतात आणि पुरवून वापरणारी फिकी. त्याच पुस्तकात एक पर्याय दिला आहे: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. प्रवास आणि राजकारण जास्त असलेल्या कॅम्पेनला हा अगदी बसतो. भुयारात उतरून सलग लढत जाणाऱ्या कॅम्पेनला तो मारून टाकतो. नियम तोच, पण तुमच्या कॅम्पेनमधला एक दिवस कसा दिसतो यावर त्याचं चांगलं-वाईट ठरतं.

आणायची रीत साधी ठेवा. बदल सगळ्यांसमोर सांगा, तीन सेशनसाठी लावा, मग परत विचारा. लेखी ठेवा. एका पानात मावत नसतील तर हाऊस रूल जास्त झाले आहेत. आणि एखाद्या खेळाडूने जुन्या नियमावर पात्र बांधलं असेल तर त्याला पात्र नव्याने बांधायची मुभा द्या.

लढाया लांबतात आणि कंटाळवाण्या होतात. उपाय?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: समोरचे सगळे मरेपर्यंत लढायचं, याशिवाय लढाईला दुसरं उद्दिष्टच नाही. उद्दिष्ट द्या. पुलाचा दरवाजा बंद व्हायच्या आत पलीकडे पोचायचं आहे, ओलिसाला जिवंत बाहेर काढायचं आहे, तीन फेऱ्या मशाल विझू द्यायची नाही. मग 'मी जवळच्याला मारतो' हे दर वेळी योग्य उत्तर राहत नाही.

दुसरा उपाय जुना आणि विसरलेला: शत्रूंचं मनोबल. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक संचात प्रत्येक प्राण्याला मनोबलाचा आकडा होता. पहिला साथीदार पडला किंवा निम्मे गारद झाले की दोन सहाबाजू फासे टाकायचे, आकड्याच्या वर आले तर ते पळतात किंवा शरण येतात. हे पाचव्या आवृत्तीतही सहज लावता येतं. लढाई लवकर संपते, आणि शरण आलेल्या शिपायाचं काय करायचं हा प्रश्न कोणत्याही लढाईपेक्षा जास्त रंगतो.

एकटा मोठा राक्षस चार पात्रांपुढे पटकन का पडतो? त्याच्या एका पाळीला समोरून चार पाळ्या येतात. त्याचं आयुष्य दुप्पट केल्याने लढाई फक्त लांबते. त्याला दुसऱ्यांच्या पाळ्यांच्या मध्ये कृती द्या (पाचव्या आवृत्तीतल्या प्रौढ ड्रॅगनांना अशा तीन मिळतात), किंवा सोबत चार किरकोळ चेले द्या.

स्वतःचे राक्षस बनवायला आकडेवारी कुठून आणू?

नव्याने बनवू नका, असलेल्याला नवं रूप द्या. पाचव्या आवृत्तीतला २०१४ चा लांडगा घ्या: कवच १३ (त्याला वार लागायला गाठायचा आकडा), आयुष्य ११ (एवढी इजा तो सोसतो), साथीदार लक्ष्याजवळ असेल तर हल्ल्यावर ॲडव्हान्टेज, आणि चावा लागला की ताकदीच्या फाशावर ११ गाठता न आल्यास माणूस खाली पडतो. आता त्याला म्हणा 'राखेची मुलं'. जळालेल्या गावातून संध्याकाळी बाहेर येतात, उंची कमरेएवढी, आवाज करत नाहीत. एकटं मूल लांबून बघत राहतं. दुसरं आलं की दोघं मिळून पाय ओढतात. एकही आकडा बदलला नाही. ॲडव्हान्टेज आता त्यांचं घोळक्याने येणं झालं, खाली पाडणं झालं पाय ओढणं. टेबलावर कुणालाही लांडगा आठवणार नाही.

यात भर घालायचीच असेल तर एकच गोष्ट घाला, आणि ती खेळाडूंना वापरता येण्यासारखी असू दे. उदाहरणार्थ, ओल्या जमिनीवर राखेची मुलं पाय ठेवत नाहीत.

खेळाडूने इंटरनेटवरून होमब्रू (चाहत्यांनी स्वतः बनवलेला) क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, आणलाय. हो म्हणू?

आधी विचारा, त्यातलं नेमकं काय आवडलं. खूपदा उत्तर एखादं चित्र किंवा कल्पना असते ("सावल्यांशी बोलणारी शिकारी"), आणि ती असलेल्या क्लासचं वर्णन बदलून मिळते. तरीही क्लासच हवा असेल तर त्याच लेव्हलच्या मूळ क्लासशेजारी ठेवून बघा: पाळीला किती इजा, किती वेळा, आणि कोणत्या किमतीवर. शिवाय गटातल्या दुसऱ्या कुणाचं खास काम तो क्लास फुकटात करतोय का, हे नक्की बघा. कुलपं उघडणारं पात्र आधीच असताना मंत्राने सगळी कुलपं उघडणारा आला की पहिला खेळाडू कडेला पडतो.

जादूच्या वस्तू देताना तोल कसा राखू?

पाचव्या आवृत्तीत हल्ल्यावर दर +१ म्हणजे लागण्याची शक्यता सरळ ५ टक्क्यांनी जास्त. शत्रूंची कवचं लेव्हलसोबत फार वाढत नाहीत, म्हणून +३ ची तलवार लवकर दिली की पुढची कित्येक सेशन ती जड जाते. आकडे वाढवणाऱ्या वस्तू कमी द्या, नवं काहीतरी करू देणाऱ्या भरपूर द्या: ऐकलेला शेवटचा आवाज पुन्हा काढणारा शंख, कुठल्याही दारावर टेकवला की पलीकडे कोण आहे ते सांगणारा खडू. अशा वस्तूंचा वापर खेळाडू तुम्हाला सुचलाही नसेल अशा ठिकाणी करतात.

जास्त दिल्या गेल्याच असतील तर चोरी करून परत घेऊ नका. सरळ बोला, आणि बदल्यात काहीतरी द्या.

लेव्हल एक्सपीने (अनुभवाच्या गुणांनी) द्यावी की कथेतल्या टप्प्याने?

ज्यासाठी गुण द्याल ते खेळाडू करतील. १९८१ च्या संचात भुयारातून बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला १ गुण होता आणि गॉब्लिन मारल्याला फक्त ५. त्यामुळे शहाणे खेळाडू लढाई टाळून खजिना उचलायचे. फक्त मारण्याला गुण दिलेत तर ते प्रत्येक संवादात तलवारीला हात घालतील. शोध, तह, नवी जागा गाठणं यांवर खेळ असेल तर त्यालाच गुण द्या. कथा सरळ रेषेत असेल तर टप्पे पुरतात.

फासे पडद्याआड टाकून निकाल बदलावा का?

माझं मत: नाही. लढाईतले फासे सगळ्यांसमोर टाका. पात्राला मरू द्यायचं नसेल तर ते आधी ठरवा आणि सांगा: "या कॅम्पेनमध्ये शून्यावर आलेलं पात्र मरत नाही, काहीतरी गमावतं." हा उघड नियम झाला, आणि त्यावर खेळाडूला निर्णय घेता येतो. गुपचूप बदललेला निकाल एकदा लक्षात आला की त्याआधीचे सगळे विजयही संशयास्पद होतात.

पात्र मेलंच तर?

खेळाडूला शेवटचं वाक्य किंवा शेवटची कृती द्या, घाई करू नका. नवं पात्र त्याच सेशनमध्ये आत आणा: कोठडीतला कैदी, शिपायांमधला फुटलेला एक, जो सापडेल तो. लेव्हल बाकीच्यांइतकीच ठेवा.

एक जण सतत बोलतो, दुसरी गप्प असते. काय करू?

गप्प असलेल्या खेळाडूला पात्राच्या नावाने, नेमका प्रश्न विचारा. "तू काय करतेस?" या प्रश्नाने ती आणखी आक्रसते. "शिपाई तुझ्याकडे बघून 'तुला कुठेतरी पाहिलंय' म्हणतो. खरंच पाहिलंय का?" याला उत्तर देता येतं. बोलणाऱ्याला तोडू नका, त्याचं काम घडायला वेळ लागतो असं सांगा: "तू दार फोडतोयस तोवर इकडे काय होतंय बघू." आणि हेही ध्यानात घ्या, की काहींना ऐकत बसणंच आवडतं. तसं असेल तर त्यांना तसं राहू द्या.

ऐन वेळी नियम आठवला नाही तर?

अर्ध्या मिनिटात सापडला नाही तर खेळाडूच्या बाजूने निर्णय द्या, नोंद करा, सेशननंतर शोधा.

ऑनलाइन खेळताना वेगळं काय करावं?

सेशन लहान ठेवा. पडद्यासमोर लोक लवकर थकतात. एकाच वेळी दोघं बोलू शकत नाहीत, म्हणून गप्पांच्या प्रसंगांतही पाळ्या लावा. रोल२० किंवा फाउंड्रीसारखी साधनं नकाशे आणि हिशेब सांभाळतात, पण प्रत्येक खोलीचा नकाशा चढवत बसलात तर खेळाडू नकाशात नसलेल्या जागी जाणं सोडून देतात. लढाईपुरता नकाशा, बाकी शब्दांत.

कॅम्पेन संपवायची कधी?

मुख्य प्रश्नाचं उत्तर मिळालं की. कथा विरत गेल्यामुळे बंद पडण्यापेक्षा 'आणखी चार सेशन' असं जाहीर करून संपवणं कितीतरी चांगलं, कारण शेवट दिसत असला की खेळाडू राखून ठेवलेली कुपी, सूड, कबुली सगळं बाहेर काढतात. शेवटच्या सेशनचा अर्धा तास राखून ठेवा आणि प्रत्येकाला आपल्या पात्राचं पुढचं एक वर्ष सांगू द्या. त्यासाठी फासे मागू नका.

माझं होमब्रू प्रकाशित करता येईल का?

येईल, पण कशाच्या आधारावर ते बघा. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संच, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुला झाला. श्रेय दिलं तर त्यातला मजकूर तुमच्या कामात वापरता येतो, विकताही येतो. २०२४ च्या सुधारित नियमांवर आधारलेला पुढचा संचही २०२५ मध्ये त्याच परवान्याखाली आला. मात्र पुस्तकांतलं सगळं या संचात नाही. बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर या राक्षसांची आकडेवारी त्यात नाही, प्रसिद्ध जगांचे तपशीलही नाहीत. म्हणून जे वापरताय ते संचात आहे का, हे ओळ न् ओळ तपासा आणि संचात दिलेलं श्रेयाचं वाक्य जसंच्या तसं छापा. टेबलापुरतं खेळत असाल तर यातलं काहीच लागत नाही.